गाडीत बसून अंडं उबतं का?

ती संध्याकाळ आता विसरा, असं घरचे मला सांगतात. मी विसरत नाही, आणि खरं सांगायचं तर मला विसरायचीही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावाला विष घालणारे पाहिले. पण अजून ज्याची आठवण आली की हातातला चहाचा कप खाली ठेवावा लागतो, तो एक साधा रस्ता अपघात होता. कागदोपत्री साधा. नावं कोणाचीच घेणार नाही. ज्याने वाचायला हवं त्याला आपण कोण ते बरोबर कळेल.

तेव्हा मी गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. खनिज वाहतूक पुन्हा सुरू झालेली. पाळी गावच्या रस्त्यावर खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकची रांग, धुळीने झाडांची पानंसुद्धा तांबडी, आणि लोकांची डोकी कायम तापलेली. लोकांचं सगळंच चुकत होतं असं मी म्हणत नाही. त्या रस्त्यावर टिपरखाली माणसं गेली होती. त्यातून एक रीतच पडली होती. रस्त्यावर रक्त दिसलं की आधी टिपरवाल्याला धरून बडवायचं, चौकशी मागाहून. टिपरवाल्यांनाही हे पाठ. काही झालं की ते गाडी तिथेच टाकून रानातून पळत सुटायचे आणि थेट ठाण्यात हजर व्हायचे. जागेवर थांबायचं नाही, हे तिथे नवीन ड्रायव्हरला गियरच्या आधी शिकवलं जायचं.

त्या दिवशी तिन्हीसांजेला फोन आला की पाळीच्या उतारावर टिपरने बाईला उडवलं आणि लोक ड्रायव्हरला मारतायत. आम्ही पोचलो तेव्हा बाईला रुग्णवाहिकेने नेलं होतं. गावातलीच विधवा बाई. पोदेराचा भोंगा ऐकून पाव घ्यायला रस्त्यावर आली होती. पोदेर म्हणजे आमच्याकडे सायकलवरून पाव विकणारा. तिने घेतलेले उंडे, म्हणजे गोल पाव, गटाराच्या कडेला पसरले होते. ड्रायव्हरला लोकांनी विजेच्या खांबाला बांधलं होतं. अंगावर शर्ट नव्हता, एक डोळा सुजून बंद झालेला, आणि चारी बाजूंनी मोबाईल धरून व्हिडिओ चाललेले.

"साहेब, हात बघा त्याचे! रक्त अजून सुकलं नाही!" एकजण ओरडला.

"बघतोय," मी म्हटलं. "तुझे पण हात बघतोय. बाजूला हो."

ड्रायव्हरला सोडवून जीपमध्ये घातला. सिंधुदुर्गातला, दोडामार्गच्या बाजूचा माणूस. जीपमध्ये बसलेला आरोपी पहिली गोष्ट काय बोलतो याकडे मी नेहमी लक्ष देत असे. कोण वकिलाचं विचारतो, कोण मालकाला फोन लावू द्या म्हणतो, कोण रडतो. हा मान वर करून म्हणाला, "सायबानू, ती बाय कशी आसा?"

मी म्हटलं, "तूच उडवलीस आणि मलाच विचारतोस?"

"मी नाय हो उडवलंय. ती गटारात पडलली. मी गाडी थांबवन तिका उचललंय, तितक्यात लोक इले."

आता नीट बघा. त्या रस्त्यावर टिपरवाला थांबला होता. जो उडवतो तो थांबत नाही हे मला ठाऊक होतं, हे त्याला बडवणाऱ्या लोकांनाही ठाऊक होतं. पण जमावाला तेवढा विचार करायला सवड कुठे असते! जो थांबला तोच त्यांच्या हाती लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पंचांसमोर पंचनामा केला. टिपरच्या बंपरवर लाल धुळीचा थर जसाच्या तसा होता, त्यावर साधं बोट घासल्याची खूणसुद्धा नाही. बाईचा पाय गुडघ्याखाली मोडला होता, असं इस्पितळातून कळलं. टिपरचा बंपर माणसाला कमरेच्या वर लागतो. गुडघ्याखाली लागते ती छोटी गाडी. आणि गटाराच्या कडेला, त्या पावांच्या जवळ, आमच्या हवालदाराला दिव्याच्या कव्हरचा एक तुटका तुकडा मिळाला. टिपरचा तो नव्हता.

दुपारी बाई गेली. डॉक्टर म्हणाले की वेळेवर आणली असती तर वाचली असती. ती बराच वेळ गटारात तशीच पडून होती.

ती गेल्याचं कळताच एका पुढाऱ्याचा फोन आला. "टिपरवाल्यावर घाला आणि मोकळे व्हा. लोक भडकलेत."

"लोक भडकलेत म्हणून मी कोणावर काय घालू?" मी विचारलं.

"तुम्हाला कळत नाही का?"

"कळतं म्हणूनच घालत नाही," म्हटलं आणि फोन ठेवला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पण तक्रारीत पन्नास तोंडं टिपरचं नाव घेत होती, आणि माझ्याकडे एक प्लास्टिकचा तुकडा. ड्रायव्हरला कोर्टापुढे उभं करावं लागलं, कोठडी मिळाली. त्याची बायको गावाहून आली आणि ठाण्याच्या बाकावर बसून राहिली. मालकाने टिपरवर दुसरा माणूस घेतला होता. लायसन्स जाणार, तुरुंग होणार, आणि गावात खुनी म्हणून नाव होणार, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कोठडीचं दार उघडलं की हा माणूस पुन्हा बाई कशी आहे तेच विचारायचा. शेवटी मीच सांगितलं की बाई गेली. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "वायच आधी पोचलंय आसतंय तर..."

खबर आणली ती पोदेराने. आमच्या ठाण्यातही तोच पाव द्यायचा. पावाची टोपली दारात ठेवून तो माझ्या खोलीत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "सायबा, टिपर न्हय तो. धवी गाडी आशिल्ली."

धवी म्हणजे पांढरी. त्याचं म्हणणं असं: बाईला पाव देऊन तो चढाला लागला, तेव्हा एक पांढरी गाडी समोरून उताराकडे आली. "सवकास येताली. माणूस चलता तशी. चालवपी मोबाईलाक पळयतालो." चालवणारा मोबाईलकडे बघतोय म्हणजे पत्ता शोधत असेल, असं याला वाटलं. मग मागे धाड्कन आवाज झाला, आणि वळून बघतो तर तीच गाडी सुसाट निघालेली. बाई गटारात असल्याने दिसली नाही, म्हणून हा पुढे गेला; टिपर याच्यासमोरून उताराला गेला तो बऱ्याच वेळाने.

"मग त्या दिवशी तोंडात मूग धरले होतेस काय?" मी खेकसलो. "तो माणूस मार खात होता!"

"म्हाकाय मारले आसते, सायबा," तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी आवाज खाली आणला.

जबाब लिहून घेणारी आमची महिला शिपाई मात्र लिहिता लिहिता थांबली. "माणूस चालतो तशी गाडी?" तिने पोदेराला पुन्हा विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, तो अंडं उबवत असणार."

"काय?"

"मोबाईलवरचा खेळ आहे, साहेब. मी पण खेळते."

पोलीस ठाण्यात बसून हे ऐकायचं! पण मी तिला बोलू दिलं. या खेळात मोबाईलवर आपल्याच गावाचा नकाशा दिसतो. देऊळ, किल्ला, शाळा, तळं अशा खऱ्या जागी जायचं आणि तिथे दिसणारे चित्रातले प्राणी पकडायचे. काही प्राणी अंड्यात असतात. मोबाईल घेऊन ठरावीक अंतर चाललं की अंडं फुटतं. तालुक्यातल्या खेळणाऱ्यांचा एक ग्रुप होता आणि त्यात नवीन माणूस आला की ठरलेले प्रश्न विचारायचा. पाऊस पडला की कुठले प्राणी येतात? आमच्या वाड्यावर काहीच का दिसत नाही? खोटी जागा दाखवली तर खातं बंद होतं का? आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न, चालायचा कंटाळा आला तर गाडीत बसून अंडं उबतं का?

"उबतं?" मी विचारलं.

"गाडी अगदी हळू चालवली तर मोजतं, साहेब. वेग वाढला की अंतर धरत नाही."

"त्या संध्याकाळचं ग्रुपवर काय आहे ते बघ," मी म्हटलं. तिने शोधलं. जे सापडलं ते वाचून मी खुर्चीतून उठलोच. नंबर काढला तर डिचोलीतल्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलाचा. पोरगा नव्हे हां, चांगला लग्नाला आलेला बाप्या.

मेसेजवर कोणाला फाशी देता येत नाही. आधी गाडी हवी होती. डिचोली, साखळीतली गॅरेजं पालथी घातली, काही नाही. फोंड्याला एका गॅरेजात पुढचा दिवा बदलून नेल्याचं कळलं. जुनं फुटकं कव्हर अजून भंगारात पडलं होतं. आमचा तुकडा त्यात चपखल बसला. गाव सोडून फोंड्याला दुरुस्तीला का गेला असेल ते सांगायला नको.

त्याला बोलावलं. बापही वकील घेऊन आला. बापाला आणि वकिलाला बाहेर चहा दिला, याला आत घेतला. साळसूद चेहऱ्याने म्हणाला, गाडी गेटच्या खांबाला घासली. त्या संध्याकाळी मी घरीच होतो, आई साक्ष देईल.

मी वही बाजूला सारली. "ते राहू दे. तुम्ही लोक तो प्राण्यांचा खेळ खेळता ना? मला हल्लीच कळला. निवृत्तीनंतर काहीतरी हवं. जरा शिकव बघू."

काय खुलला तो! खुर्ची पुढे ओढली. कुठल्या देवळाजवळ काय मिळतं, हळर्णच्या किल्ल्यावर कुठला दुर्मिळ प्राणी आला होता, सगळं धडाधड सांगायला लागला. मला अंकल म्हणायला लागला.

"अंडं कसं उबतं?"

"चालायचं, अंकल."

"माझे गुडघे दुखतात रे. गाडीत बसून उबतं का?"

तो हसला. "सगळे हेच विचारतात! उबतं. फक्त स्लो ठेवायची. मी तसंच करतो. जोरात घेतली की मोजणं बंद."

"असं? मग त्या संध्याकाळी तुझं मोजणं पाळीच्या उतारावर का बंद पडलं?"

मी शिपाईबाईला खूण केली. तिने मोबाईल टेबलावर ठेवून मेसेज मोठ्याने वाचला. त्या संध्याकाळी, बाई गटारात विव्हळत पडलेली असताना, या सद्गृहस्थाने ग्रुपवर विचारलं होतं: "पाळीच्या उतारापर्यंत अंतर बरोबर मोजत होतं, मग एकदम बंद पडलं. कोणाला असा प्रॉब्लेम आलाय का?" कोणीतरी उत्तर दिलं, "स्पीड वाढवला असशील." त्यावर याने लिहिलं, "हो, जरा घाईत निघावं लागलं." आणि पुढे हसणारं तोंड.

हसणारं तोंड! अरे, माणूस आहेस की कोण?

त्या क्षणी मी हात टेबलाखाली घट्ट धरून ठेवले, कारण ते वर आले असते तर माझीच नोकरी गेली असती. तो ततपप करायला लागला, आणि मग सगळं बाहेर पडलं. अंडं फुटायला आलं होतं म्हणून मान खाली होती. बाई दिसली नाही. आवाज आल्यावर आरशात दिसली. घाबरलो म्हणून पळालो. घाबरलास, ठीक आहे, माणूस घाबरतो. हळू येणाऱ्या गाडीने पाय मोडतो, जीव जात नाही. तिचा जीव गेला तो पडून राहून. एक फोन, नाव न सांगता एक फोन केला असतास तरी ती आज पोदेराचा भोंगा ऐकून बाहेर आली असती. मोबाईल तर हातातच होता ना तुझ्या? त्यावरून तू काय केलंस, तर अंतर का मोजलं नाही म्हणून विचारलंस!

अटक केली, गाडी आणि मोबाईल जप्त केला. पंचनाम्यावर सही करताना त्याने विचारलं, "सर, जामीन कधी होईल?" मग गाडीचं विचारलं. मग मोबाईल परत कधी मिळेल ते विचारलं. मी वाट बघत होतो. कोठडीचं दार लागेपर्यंत वाट बघितली. बाईचं त्याने विचारलं नाही. ती वाचली की गेली, हे त्याला मीच ऐकवलं.

टिपरवाला सुटला त्या दिवशी त्याची बायको त्याला तडक गावाला न्यायला बघत होती. तो म्हणाला, आधी त्या बायच्या घराकडे जाऊया. मी त्याला स्वतःच्या जीपने घेऊन गेलो. अंगणात बाईचा मुलगा बसला होता. खांबाला दोरी बांधणाऱ्यांत तोही होता. तो उठला, पण त्याला मान वर करता येईना. टिपरवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुजी आवस शेवटाक पाणी मागत हुती. माज्याकडला दिलंय." मुलगा तिथेच ओक्साबोक्शी रडला. बाकी मारणारे कोणी त्या अंगणात फिरकले नाहीत, आणि ड्रायव्हरला बांधून मारल्याचे जे गुन्हे मी त्यांच्यावर नोंदवले होते ते मागे घेतले नाहीत. गावातून खूप आर्जवं झाली, तरी नाही.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. खेळ वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आमची शिपाईबाई तो खेळून रोज दोन तळ्यांना वळसा घालून यायची. मला एवढंच कळलं की माणूस संकटात पहिला प्रश्न कोणाबद्दल विचारतो ते ऐकावं. बाकी जबाब नंतर लिहून घेता येतो.

आता मी पेडण्यात, हळर्णला राहतो. किल्ल्यापाशी म्हणे त्या खेळाची मोठी जागा आहे. संध्याकाळी एखादी गाडी मुंगीच्या पावलाने येताना दिसली, आत मान खाली दिसली, की मी काठी घेऊन सरळ रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. काच खाली होते. "काय झालं, अंकल?"

"खाली उतर," मी म्हणतो. "चालायचा खेळ आहे ना? मग चाल."