दादाजींचा अंगठा

इंदोऱ्यातल्या दादाजी मेश्राम या सुताराला गर्व होता तो एका वीतभर रंध्याचा. फळीच्या टोकदार कडा तिरप्या छिलून काढायचा हा रंधा. काम झालं की ते कडेवरून आधी रंधा फिरवत आणि मग डोळे मिटून अंगठा. डोळे फसवतात, अंगठा फसवत नाही, असं छाती फुगवून सांगत. कुणी चष्मा लावा म्हटलं तर त्याच्यावरच डाफरत.

त्यांच्या बायकोला, तुळसाबाईंना शुगर होती. पायाला साधा ओरखडाही होऊ देऊ नका, जखम भरणार नाही, असं धंतोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तुळसाबाईंना खाली बसून आंघोळ जमेना, तेव्हा मुलगा रोशन म्हणाला, "बाबा, प्लास्टिकचा स्टूल आणून देतो."

"काहून गा? मी मेलो काय?" दादाजी उसळले. "तुह्या मायचा स्टूल मीच बनवीन."

चार दिवस खपून सागवानी स्टूल तयार झाला. तुळसाबाईंचे पाय जिथून खाली सुटणार, त्या कडेवरून अंगठा तीनदा फिरला.

पंधरा दिवसांनी तुळसाबाईंच्या गुडघ्यामागची जखम चिघळली, पाय काळा पडला आणि मांडीतून कापावा लागला. रोशनने घरी जाऊन स्टूल पाहिला. पुढच्या कडेला तांदळाएवढी कपची उभी होती.

"शक्यच नाही," दादाजी डॉक्टरांसमोर ओरडले. "मी अंगठा फिरवला होता!"

डॉक्टरांनी त्यांचा अंगठा धरला आणि सुई टोचली. रक्ताचा थेंब आला. दादाजी मात्र डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले, आता टोचतील, मग टोचतील म्हणून.

"बाबा, तुम्हालाही शुगर दिसते. बरीच वर्षं असणार, त्यानंच बोटं बधिर झालीत."

दादाजी बायकोच्या खाटेपाशी गेले आणि उभ्या उभ्या रडू लागले. माणसाची अक्कल कुठे गहाण पडते बघा, रडतानाही त्यांना राग आला तो तिचाच.

"तुले टोचून राह्यलं होतं, तर सांगायचं न वं!"

"पहिल्याच दिवशी टोचलं, जी," तुळसाबाई म्हणाल्या. "पण सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा रंधा हातात धरला नसता."