ओठ न मिटता

पहिलंच सांगते, मला असल्या गोष्टींचा राग येतो. मी दातांची डॉक्टर, नाशिकला इंदिरानगरमध्ये दवाखाना. जबडा कटकट वाजतो म्हणून आधी अंगारा लावून मग माझ्याकडे आलेल्या पेशंटना मी तोंडावर झापलेलं आहे. तेव्हा हे वाचून कुणी मला झापलं तरी चालेल... पण जे झालं ते झालं.

माझी प्रमिलाकाकू सायखेड्याला असते, मुलगा बापू आणि सून सविता यांच्याजवळ. आई लवकर गेल्यामुळे मी याच घरात वाढले. काका म्हणजे भारी बोलका माणूस. मळ्यातून टोमॅटोचे क्रेट घेऊन यायचे तर आवाज आधी घरात शिरायचा, माणूस नंतर. शेवटी लकवा झाला आणि वाचाच गेली. काही महिने नुसते बघत राहिले, आणि गेल्या उन्हाळ्यात गेले. तेव्हापासून काकूचं एकच, "जाताना एक शब्द बी नाय बोलले गं माझ्याशी."

त्या रविवारी मी जेवायला गेले होते. दुपारी ओट्यावर वाटाणे सोलत बसलो होतो. काकूला जांभई आली की ती तोंडापुढे चुटकी वाजवणार म्हणजे वाजवणार — उघड्या तोंडातून काही आत शिरू नये म्हणून. मी तिला यावरून कायम चिडवायचे. त्या दिवशी ओंजळ दाण्यांनी भरलेली, चुटकी राहिली. जांभई आली मोठ्ठी, आणि तोंड मिटेचना!

दाणे सगळे खाली. काकूचे डोळे पांढरे झाले. "आ... आ..." एवढंच, आणि लाळ गळायला लागली. सविता ओरडली, "अगं बाई, आईंना बी लकवा मारला!" शेजारीण म्हणाली, बाहेरचं दिसतंय.

"बाहेरचं काही नाही, जबडा निसटलाय," मी खेकसले.

कानाच्या जरा पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. हलतं ते जबड्याच्या हाडाचं टोक. ते एका उथळ वाटीत बसलेलं असतं, वाटीच्या पुढे एक उंचवटा. तोंड फार वासलं की टोक उंचवटा ओलांडून जातं, स्नायू आवळतात आणि ते मागे येत नाही. उपाय सोपा आहे. अंगठ्यांना कापड गुंडाळून खालच्या मागच्या दाढांवर ठेवायचे, खाली दाबायचं, मग मागे ढकलायचं.

काकूला पाटावर बसवलं. बापूने मागून डोकं धरलं. मी समोर बसून अंगठे आत घातले. ती माझं मनगट घट्ट धरून होती बिचारी. आणि तेव्हा आवाज आला.

"पमे, भिऊ नको. बरं का."

पुरुषाचा. स्पष्ट. काकूच्या तोंडातून.

आता तुम्ही करून बघा. तोंड आ वासा आणि ओठ न मिटता 'पमे' म्हणा. येतं म्हणता? प नाही, म नाही, भ नाही... ओठाला ओठ लागल्याशिवाय ती अक्षरं निघतच नाहीत. काकूचे ओठ माझ्या डोळ्यांसमोर ताणून उघडे होते. जीभ माझ्या दोन अंगठ्यांच्या मध्ये होती, ती हललीसुद्धा नाही. आणि तिला 'पमे' म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"ताई... दादा!" बापूच्या हातातून डोकं सुटलं. वडिलांना तो दादा म्हणायचा. मी घाबरून जोर लावला आणि खट्कन जबडा बसला.

काकू रडायला लागली. "मी नाय बोलले गं. मी तर तुला अंगठे काढ म्हणणार होते. हे बोलले... माझ्याशी बोलले!" इतकी आनंदात मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती.

बापू बोलला असेल? त्याचं तोंड माझ्यासमोरच होतं, दातओठ आवळलेले. टीव्ही? वीज सकाळपासून नव्हती. मी सगळ्यांची उलटतपासणी घेतली, अगदी शेजारणीची पण. काही हाती लागलं नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहिलंच नसतं. थोड्याच दिवसांत सविताचा फोन, जबडा परत निसटला. मग परत. आवाज काही पुन्हा आला नाही. सविता मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, आई आता चुटकी वाजवत नाहीत. मागच्या दारी एकट्या बसतात अन् मुद्दाम तोंड वासून जांभया आणतात."

मला इतका संताप आला! दर खेपेला सांध्याचे बंध सैल होत जातात. पुढे घास चावतानाही निसटेल, ऑपरेशन करावं लागेल, आणि काकूची शुगर बघता भूल द्यायला कुणी तयार होणार नाही. "जेवणाला मुकशील!" मी ओरडले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"एकदाच बोलले गं," ती म्हणाली. "घाबरले होते, नीट ऐकायचं राहून गेलं."

गेल्या आठवड्यात पुन्हा बोलावणं. भर दुपार, तोच ओटा. अंगठे दाढांवर ठेवले. दाबलं की काम संपलं, हाताला सवय झालीय आता. पण मी दाबलं नाही. काकूची लाळ माझ्या मनगटावरून ओघळत होती. बापू म्हणत होता, "ताई, बसव ना, दुखतंय तिला." मी तशीच थांबले, कान देऊन. आला तो फक्त तिचा श्वास.

शेवटी बसवला. तो आवाज कुठून आला होता, याचं उत्तर मी शिकले त्यात नाही, आणि दुसऱ्या कशावर माझा विश्वास नाही. काकूने पदराने तोंड पुसलं.

"तुला बी ऐकायचं होतं ना गं?"

मी हो म्हणाले.