खासदारांची सही

चारुता अमेरिकेत शॉमबर्गच्या एका दवाखान्यात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. मूळची नागपूरची. वीस वर्षं ग्रीन कार्डावर निवांत राहिली. नागरिकत्व घेतलं, ते एका विधेयकापायी.

शेजारच्या डोरोथी या निवृत्त शिक्षिका. संसदेला विचारल्याशिवाय राष्ट्राध्यक्षांना परक्या देशावर बॉम्ब टाकता येऊ नयेत, असा कायदा व्हावा म्हणून त्यांचा सात-आठ म्हाताऱ्यांचा गट खटपट करायचा. चारुता एकदा त्यांच्याकडे चहाला गेली आणि गटातलीच होऊन बसली. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी खासदारांच्या कचेरीत जायचं आणि भेटेल त्या सहायकाला पहिल्यापासून सगळं समजावायचं. सहायक बदलत राहायचे, प्रश्न तोच असायचा, "तुम्ही इथल्या मतदार आहात का?" चारुताला दर वेळी "नाही" म्हणावं लागायचं.

शेवटी तिनं शपथ घेतली. भारतीय पासपोर्ट परत केल्याचं कळलं तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला, "म्हणजे आता तू त्यांची." नवरा, विनय, हसला होता. "एका मतानं काय फरक पडणारे, यार?"

चार वर्षांनी खासदारांनी विधेयकाला पाठिंबा म्हणून सही केली. डोरोथीबाई त्या दिवशी रडल्या.

मग जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी संसदेला न विचारता एका लांबच्या देशातल्या बंदरावर बॉम्ब टाकले. विधेयक घाईघाईनं मतदानाला आलं. चारुतानं लंच ब्रेकमध्ये डबा न उघडता फोनवर यादी पाहिली. विधेयक पडलं होतं, आणि त्यांच्या खासदारांचं मत विरोधात होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कचेरीत गेली. ब्रायन नावाचा सहायक अदबीनं म्हणाला, "सरांना तत्त्व मान्यच आहे. पण आपली माणसं तिथे लढत असताना नाही."

"मग हा कायदा कुठल्या वेळेसाठी होता?"

ब्रायननं वही मिटली. "तुमच्या भावना पोचवतो."

घरी आली तेव्हा टीव्हीवर बंदरातल्या हमालांचे मृतदेह ओळीनं ठेवलेले दाखवत होते. विनयनं आवाज बंद केला.

"तुझं काय चुकलं त्यात? तू तर अडवायला गेलीस."

"आधी हे त्यांचं होतं, विनय. आता माझ्याही नावावर चाललंय. मी स्वतःहून हात वर करून शपथ घेतलीय."

तो उठून तिच्यासाठी पोळ्या गरम करायला गेला. तिनं त्या खाल्ल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये डोरोथीबाईंना मुलानं ॲरिझोनाला नेलं. गटात तिघं उरली, त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं. पुन्हा कुणी कुणाला फोन केला नाही. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी चारुतानं लॅबमध्ये जादा शिफ्ट मागून घेतली.