मापाचं ब्लाऊज

हिंगोलीच्या बाजारात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, आणि कधीच शिवायची नसलेली ब्लाऊजं त्या दुकानात वर्षानुवर्षं येत राहिली. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं माझं भांडण कुणाला कळायचं नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतल्या बायका एसटीतून, जीपमधून उतरतात. मेथी, वांगी, वाळकं, जे असेल ते घेऊन संध्याकाळपर्यंत पोत्यावर बसतात. या अख्ख्या बाजारात बायकांना जायला जागा म्हणून एकही नव्हती. पुरुषांचं काय, त्यांना भिंत पुरते. माझं जुनं दुकान पत्र्याचं, पाच दुकानांच्या ओळीतलं, पण त्याच्या मागे अंगण होतं, अंगणात एक कडुनिंब आणि निंबाखाली घरमालकानं कधीकाळी बांधलेला संडास. तिकडे जायची वाट माझ्या दुकानातूनच होती.

बायकांना हे ठाऊक होतं. पण "जायचंय" असं तोंडानं म्हणेल ती बाई कसली! काखेत मापाचं ब्लाऊज घेऊन यायचं. मापाचं म्हणजे अंगाला नीट बसणारं जुनं ब्लाऊज, ज्यावरून टेलर नवं कापते. ते काउंटरवर ठेवून "ह्याच मापाचं पायजे बरं" म्हणायचं. मी "ठेवा" म्हणायचं. मग ती मागे जाऊन यायची आणि "कापड पुढल्या बाजाराला आनते" असं सांगून ब्लाऊज उचलून निघून जायची. कापड काही यायचं नाही. मीही कधी विचारलं नाही.

त्यातली एक मावशी औंढ्याकडच्या एका खेड्यातली, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली. तिचं जांभळं ब्लाऊज मला पाठ झालं होतं. डाव्या बाहीला वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याची शिवण होती. उन्हातून यायची, ओठ सुकलेले असायचे. मी माठातलं पाणी पुढं केलं की हात हलवायची.

"नगं बाई. बाजाराच्या दिशी पानी न्हाई."

"अहो मावशी, मागे सोय आहे ना?"

"हाय की. पर एका दिसात दोनदा माप द्यायला कोन येतं? लोकायला दिसत न्हाई व्हय?"

मला याचा फार राग यायचा. माझी आईसुद्धा याच बाजारात, आणि बाकीचे दिवस आसपासच्या गावांच्या बाजारांत, भाजी घेऊन बसायची. शेवटी तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? तर ती हसून म्हणाली, बाजाराचा दिवस सोडून पिते. त्या दिवशी मी तिच्यावर चिडले होते. तिच्यावर चिडण्यात काही अर्थ नव्हता हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

मग घरमालकानं जागा बिल्डरला दिली. पाच दुकानं पाडून तीन मजली कॉम्प्लेक्स होणार, काचा, लिफ्ट, खाली पार्किंग. मी काही याच्या विरोधात नव्हते. मे महिन्यात पत्र्याखाली मशीन चालवून बघा, म्हणजे स्लॅबची किंमत कळते. बिल्डर तरुण होता, बोलायला गोड. "ताई, हिंगोली आता वाढून राहिली. तुम्ही फक्त सही करा." जुन्या पाचही दुकानदारांची संमती लागणार होती. चौघांनी केली. मी म्हटलं, नकाशा दाखवा.

नकाशा वाचायला मला कुणी शिकवलेलं नाही. पण जन्मभर कागदावर पुढचा भाग, पाठ, बाही आखणाऱ्या बाईला एवढं कळतं की कुठं काय सुटलंय. अंगण गेलं होतं, निंब गेला होता आणि संडास तिसऱ्या मजल्यावर, ऑफिसांच्या शेजारी.

"खाली बायकांसाठी कुठंय?"

"ताई, खालचं एकेक फूट म्हणजे शटर. तुम्हाला कोपऱ्याचं दुकान देतो, दोन्ही रस्त्यांना तोंड. चालेल?"

खोटं कशाला बोलू, मला ते कोपऱ्याचं दुकान हवं होतं. दोन्हीकडून काच, एकीकडे शिलाई, दुसरीकडे पिको-फॉल, अशी मांडणी मी त्या रात्री मनात करूनही टाकली. सकाळी मात्र सांगितलं की खाली, रस्त्यालगत बायकांसाठी संडास दाखवा, मग सही.

"रस्त्यालगतच काहून?" त्यानं विचारलं.

कारण मी बघितलेलं होतं. दुसऱ्या एका कॉम्प्लेक्समध्ये मागच्या बाजूला अशीच सोय होती. वर्षाच्या आत तिथं कुलूप लागलं आणि आत खोकी रचली गेली. मी ठणकावून सांगितलं, "चौकाकडे तोंड करा. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. म्हणजे कुणाची टाळं लावायची हिंमत होणार नाही."

दोन-तीन महिने मी सही अडवून धरली. शेजारचे खत-बियाणेवाले काका रोज येऊन बसायचे. "एका संडासापायी आमाले काहून लटकवून राहिल्या, ताई? पत्र्याखाली आमालेबी तकलीफ हाय." मी चहा पाजायची आणि सही करायची नाही. शेवटी नकाशा बदलला. कोपरा दुसऱ्याला गेला. मला मधलं दुकान मिळालं, जिन्याला लागून, आणि जिन्याखाली चौकाकडे दार असलेला बायकांचा संडास. माझ्या दुकानाची जिन्याकडची भिंत म्हणजेच त्या संडासाची भिंत. मी सही केली आणि घरी जाऊन शिरा केला.

बांधकाम चाललं तेवढे दिवस मी घरून शिवत होते. बाजारच्या दिवशी भाजीला गेले की मावशी भेटायची. आता कुठं जाता, असं मी एकदा विचारलं. "इचारू नको बाई," एवढंच ती म्हणाली.

कॉम्प्लेक्स झालं. देखणं झालं, मान्य करते. जिन्याखाली पांढऱ्या फरशा, नळाला पाणी, दारावर बाईचं चित्र. पहिल्या बाजाराच्या दिवशी मी मशीन अशी वळवून बसले की त्या दाराकडे जाणारी प्रत्येक बाई दिसावी. सकाळ गेली, दुपार गेली. त्या दारात एकही बाई शिरली नाही.

तिसऱ्या प्रहरी मावशी आली. काखेत जांभळं ब्लाऊज. काउंटरवर ठेवून सवयीनं मागे वळली, तर समोर भिंत.

"मागलं दार कुटं गेलं?"

"आता बाहेर केलंय मावशी. नवीन, फरशीचं. ते काय, जिन्याखाली."

तिनं शटरमधून डोकं काढून बघितलं. जिन्याला लागूनच पलीकडे काकांचं दुकान, दुकानापुढं बाकडं, आणि बाजारच्या दिवशी खेड्याखेड्यांतली वडीलधारी माणसं बियाणं घ्यायला येऊन त्याच बाकड्यावर टेकतात.

"तिथं आमचे थोरले भावजी बसून राहिले," ती हळूच म्हणाली. "त्यायच्या म्होरून त्या दारात जाऊ व्हय मी?"

तिनं पदर पुढं ओढला, ब्लाऊज उचललं आणि आली तशी गेली.

मला स्वतःचाच संताप आला. हातांनी मी ती ब्लाऊजं उचलून ठेवत आले होते आणि डोक्यात मात्र एवढं शिरलं नव्हतं की त्या बायका मुळात ब्लाऊज का आणतात. कुणी टाळं लावू नये म्हणून मी दार चव्हाट्यावर मागितलं आणि ज्यांच्यासाठी मागितलं त्यांनाच ते बंद करून टाकलं. बिल्डरची चूक असती तर भांडता आलं असतं. कापण्यात चूक माझी होती.

आधी सोपा उपाय करून बघितला. काकांना म्हटलं, बाकडं तेवढं पलीकडे घ्या. काका भडकले. "आमी काय बाया पाहाले बसतो का इथं?" मी म्हटलं, तसं नाही हो काका. पण त्यांना समजावता समजावता माझ्याच लक्षात आलं की बाकडं हलवून काय होणार, चौक थोडाच हलणार आहे?

मग बिल्डरला फोन केला. माझ्या दुकानाची जिन्याकडची भिंत फोडून संडासाचं दार आतून काढायचं आणि चौकाकडचं दार बुजवायचं.

"ताई, तुम्हीच तर चौकात मागितलं होतं!"

"व्हय. चुकले. आता उसवते."

"दुकान किती बारकं होईल, माहितीये? वाट सोडावी लागेल. पुढं कुणी घेणार नाही तसलं दुकान."

"मला विकायचं कुठंय?"

तो म्हणाला, बाकी चौघांचं लेखी आणा, मला काही तकलीफ नाही. मी कागद घेऊन फिरायला तयार झाले, आणि सगळ्यात अवघड म्हणून काकांकडे आधी गेले. भांडायच्या तयारीनं. काकांनी कागद वाचलासुद्धा नाही, पेन मागितलं.

"काल घरी इचारलं," ते खाली बघत म्हणाले. "म्हटलं, तू बाजारात येतीस तवा कुटं जातीस? तर म्हने, घरी जाईस्तवर थांबते. तीस वर्सं झाली लग्नाला, मले ठावंच न्हाई."

त्यांच्या सहीमागं बाकीच्या तीन सह्या दोन दिवसांत झाल्या.

गवंड्यानं भिंत फोडली तेव्हा मी उभी राहून बघितलं. वाटेपायी दुकानाचा तिसरा हिस्सा गेला. पिकोचं मशीन घरी न्यावं लागलं, मोठा आरसा काढावा लागला. हे सगळं मी आनंदानं केलं असं कुणी समजू नये. आजही कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचा झगमगल्या की मी तिकडे पाठ करून बसते.

एक गोष्ट मात्र राहिली होती. दोनदा माप द्यायला कोण येतं? यावर मी आठवडाभर विचार केला आणि उत्तर माझ्या धंद्यातच निघालं. टेलरकडे माप एकदाच देतात. पण "झालं का?" विचारायला गिऱ्हाईक दिवसातून चारदा आलं तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. उलट सगळे टेलरलाच नावं ठेवतात.

मी भिंतीवर खुंट्यांची लांब पट्टी ठोकून घेतली आणि येईल तिला सांगायला लागले की ब्लाऊज इथंच ठेवून जा, नेऊ नका, आणि झालं का ते विचारायला येत राहा. आज त्या खुंट्यांवर खेड्याखेड्यांतली जुनी ब्लाऊजं लटकलेली आहेत. दिवसभर बायका येतात, मोठ्यानं विचारतात, "झालं का वो बाई?" मी त्याहून मोठ्यानं ओरडते, "अजून नाही, थोड्या वेळानं या!" बाकड्यावरची म्हातारी माणसं माना हलवतात. ही बाई कोणाचंच काम वेळेवर देत नाही, अशी माझी ख्याती आता पार बाळापूरपर्यंत पोचली आहे. माझी नेहमीची गिऱ्हाइकं मात्र हसतात.

दुकान बंद असलं की ती सोयही बंद. म्हणून बाजारच्या दिवशी मी दुकान बंद ठेवत नाही. भाच्याच्या हळदीलाही गेले नाही. एका टेलरच्या दुकानावर शहर चालत नाही हे मलाही कळतं. नव्या भाजी मंडईचा विचार चालू आहे असं कानावर आलं, तेव्हा मी अर्ज देऊन आले की नकाशा काढायच्या आधी पोत्यावर बसणाऱ्या बायकांना विचारा, दार कुठल्या बाजूला पाहिजे. उत्तर आलेलं नाही. पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी मावशीला घेऊन.

मावशीचं जांभळं ब्लाऊज तिसऱ्या खुंटीवर असतं. परवाच्या बाजाराला ती सकाळी येऊन विचारून गेली, दुपारी विचारून गेली. ऊन कलताना तिसऱ्यांदा आली. "झालं का?" मी म्हटलं, "नाही झालं." ती आत जाऊन आली, पण लगेच निघाली नाही. काउंटरला टेकून माठाकडे बघत राहिली.

"बाई, पानी हाय का प्याला?"

मी तांब्या भरून दिला. तिनं तो घटाघटा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि परत पुढं धरला.

"अजून दे."