काडतुसावरची शीग

फ्रिस्को या अमेरिकन उपनगरात ज्या गल्लीत केदार बारबोले राहतो, तिथं अंगणात कपडे वाळत घालायला सोसायटीची बंदी आहे. गॅरेजमध्ये काडतुसं भरायला नाही. केदारनं नियम नीट वाचले आणि कामाला लागला.

आठवडाभर तो कंपनीचे डेटाबेस सांभाळतो. नीट सांभाळले तर कुणाला काही दिसत नाही, आणि दिसलं तर तो केदारचा दोष असतो. रविवारी सकाळी तो गॅरेजमध्ये स्टुलावर बसतो. समोर आईचा जुना सागवानी पाट. त्यावर एक लोखंडी साचा, एक दांडा, लाकडी हातोडी आणि पिवळा प्लास्टिकचा चमचा. हौशी लोक याच कामासाठी टेबलाला जड यंत्रं ठोकून बसतात. केदारचा सगळा कारखाना बुटांच्या खोक्यात मावतो.

उडवलेली पितळी पुंगळी साच्यात ठोकली की तिचं फुगलेलं अंग परत मापात येतं. तळाची जळकी टोपी पाडायची, नवी बसवायची. मग चमच्यानं बंदुकीची दारू घालायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. रविवारी त्या गल्लीत पाखरांच्या बरोबरीनं ही ठकठक ऐकू येते. कुणी तक्रार केलेली नाही.

सगळी मेख चमच्यात आहे. चमचा भरला की खेळातल्या पत्त्याची कड काठावरून फिरवायची आणि वरचं सगळं डब्यात परत ढकलायचं. दारू जास्त पडली तर बंदूक पुढच्यापेक्षा मागच्याचंच नुकसान करते.

केदारला हे शिकायला वेळ लागला, कारण हात बार्शीचा. तिथं त्याच्या आजोबांची धान्याची आडत होती. पायलीवर ज्वारीचा डोंगर उभा राहील, दाणे काठावरून घरंगळतील, अशी शीग लावून मोजायचं ही त्या दुकानाची रीत. काठाशी हात फिरवून माप कापणारा माणूस त्या पेठेत दरिद्री समजला जाई. आजही केदार पहिल्या चमच्याला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. पण प्रत्येक चमचा कापतो.

हे काम त्याला शेजारच्या डेलनं शिकवलं. डेलनं सारी उमर विजेच्या खांबांवर काढली. त्याच्याकडे बापाची रायफल आहे, आणि त्या मापाचं काडतूस आता दुकानात मिळत नाही. आधी तो स्वतः भरायचा. पुढे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यानं खोकं केदारकडे दिलं. दर हिवाळ्यापूर्वी केदार त्याला काडतुसं भरून देतो, आणि डेल त्याच्या दारात स्वतःच्या झाडाचे, अक्रोडासारखे पेकान ठेवून जातो. यंदाचा शिकारीचा हंगाम डेलचा शेवटचा. नाताळात तो मुलीकडे ओक्लाहोमाला कायमचा जाणार, रायफल नातवाला देणार.

केदारची आई, सुलभाबाई, ग्रीन कार्ड होऊन दोन वर्षांपासून इथंच आहेत. गॅरेजमध्ये दुसरा फ्रीज असल्यामुळे त्यांचं तिथं येणं-जाणं असतं.

त्या रविवारी पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या होत्या आणि केदार दारू घालत होता. अर्ध्यात ऑफिसचा फोन आला. दारू घालताना फोन घ्यायचा नाही, हा डेलचा नियम. डेल खांबावर असताना त्याला कुणी फोन करत नसे. केदार आत गेला, पडलेला डेटाबेस उभा केला आणि डोक्यात तोच घेऊन परत आला. ठोकळा भरलेला दिसला, आपणच पुरा करून उठलो असं त्याला वाटलं. टॉर्चनं बघितलं, एकही पुंगळी रिकामी नव्हती. त्यानं गोळ्या बसवल्या आणि डबा डेलला दिला.

शुक्रवारी केदार घरूनच काम करत होता. जेवायला बसल्यावर आईनं विचारलं, "तुझा तो डेल गेला का शिकारीला?"

"सकाळीच गेला. उद्या हंगाम सुरू. आज तिथं नेम तपासेल."

"बरं झालं. मी त्याला हात राखून दिलेलं नाही."

केदारचा घास हातातच राहिला. "काय दिलेलं नाही?"

"अरे, तू फोनवर होतास. माप असं अर्धं टाकून उठू नये. मी पुरं केलं. आणि तू किती कापून घालत होतास रे, बघवेना. शेवटचं वर्ष त्या माणसाचं. चांगली शीग लावून घातली."

केदारची बायको हिमानी म्हणाली, "आई, ते ज्वारीसारखं नसतं."

"ज्वारीनं तरी कुणाचं वाईट झालंय?"

केदार तोवर गाडीची किल्ली शोधत होता. डेलचा फोन लागेना. शिकारीच्या रानात रेंज नसते, आणि डेलला त्या रानातली तीच गोष्ट सर्वांत जास्त आवडते. केदारनं बुटांचं खोकं डिकीत टाकलं. आई चपला घालून आधीच गाडीत बसली होती. मांडीवर शेंगदाण्याच्या चटणीची बरणी.

"तू कशाला?"

"मी भरलंय. मी येणार."

"आणि चटणी?"

"रिकाम्या हातानं जायचं का?"

अडीच तासांच्या रस्त्यात केदारनं तिला सांगितलं, जास्त दारूनं काय होतं, पोलाद कुठं फुटतं, आणि बंदूक खांद्याला लावणाऱ्याचा गाल कुठं असतो. कापसाचं एक मोकळं शेत गेल्यावर ती म्हणाली, "मग दारूच्या डब्यावर तसं लिहायला काय झालं होतं तुला?" आणि थोड्या वेळानं, "जरा जोरात चालव."

डेलचा ट्रेलर पोस्टओकच्या झाडांखाली उभा होता. पुढे टेबल, टेबलावर वाळूची पिशवी, पिशवीवर रायफल. लांबवर नेमासाठी कागदाचा ठिपका लावलेला. डेल चष्मा पुसत होता. हाताच्या थरथरीमुळे त्याला चष्मा पुसायला वेळ लागतो. त्या दिवशी तेवढाच वेळ उपयोगी पडला.

"डेल, उडवू नको." केदार गाडीतूनच ओरडला.

डेलनं वर पाहिलं. "आत एक घातलंय."

"काढ. काहींत दारू जास्त आहे."

डेलनं बोल्ट मागे ओढला. काडतूस टेबलावर पडलं, गडगडत कडेपर्यंत गेलं आणि थांबलं. "किती जास्त?"

"शीग लावून," केदार मराठीतच म्हणाला, आणि मग हाताची ओंजळ करून त्यावरचा डोंगर दाखवला. आईनं भरल्याचं सांगितलं, दुकानाची रीतही सांगितली, पाहुण्याचं माप कापत नाहीत तीही.

डेलनं सुलभाबाईंकडे पाहिलं. टोपी काढली. "मॅमना सांग, माझ्यावर एवढा जीव आजवर कुणी टाकला नव्हता. आणखी थोडा टाकला असता तर गेलोच होतो."

केदारनं ते जसंच्या तसं सांगितलं. आईनं मान हलवली. "खरं आहे त्याचं."

कोणतं काडतूस कुणाच्या हातचं हे ओळखता येत नव्हतं. ट्रेलरमध्ये बसून केदारनं सगळी फोडली. खोक्यातल्या पोकळ हातोडीत काडतूस अडकवायचं, ओंडक्यावर आपटायचं, की गोळी आणि दारू सुटून येतात. भुगा एका ताटलीत जमला, काळपट, बारीक, मोहरीसारखा. तळाच्या टोप्या शाबूत होत्या. फक्त दारू नव्यानं घालायची होती.

केदारनं चमचा उचलला, तसा आईनं हात पुढे केला. "दे इकडं. मी बिघडवलंय."

"आई, कापावं लागेल."

"ऐकलं मी."

सुलभाबाईंनी चमचा भरला. डोंगर उभा राहिला. पत्ता हातात धरून त्या क्षणभर थांबल्या, जसं कुणी दुसऱ्याच्या ताटातलं काढायला थांबतं. मग कड फिरवली. "लाभ," त्या म्हणाल्या आणि पुंगळीत रिकामा केला. दर चमच्याला डेल टॉर्च धरी आणि केदार आत डोकावे. सुलभाबाई दोघांकडेही बघत नव्हत्या.

उन्हं कलताना डेलनं ठिपक्यावर एक काडतूस उडवलं. रायफल शाबूत राहिली, डेल शाबूत राहिला. ठिपक्याला काही झालं नाही. तो हातांचा प्रश्न होता.

शेवटच्या हंगामात डेलला हरीण मिळालं नाही. दोनदा समोर येऊन उभं राहिलं, असं त्यानं सांगितलं, आणि एवढं जवळ उभं राहिल्यावर मारणं बरं वाटलं नाही, असंही. उरलेली काडतुसं त्यानं रायफलबरोबर नातवासाठी बांधली. डब्यावर केदारकडून लिहून घेतलं: सपाट माप.

जायच्या आदल्या दिवशी तो चटणीची बरणी परत द्यायला आला. सोललेले पेकान काठाच्या वर रचलेले, डोंगर हातानं सावरत आणलेला. तरी वाटेत दोनचार सांडले होते.

"झाकण कुठंय?" सुलभाबाईंनी विचारलं.

केदारनं विचारून सांगितलं, "बसत नाही म्हणतो. खिशात आहे."

"मग राहू दे खिशातच," त्या म्हणाल्या, आणि सांडलेले पेकान वेचायला पायरीवर बसल्या.