मी शिवलेली पिशवी

अवी गेल्याचा पहिला फोन त्याच्या बायकोनं, वैशालीनं मलाच केला. हॉस्पिटलमधून, सकाळी नऊच्या सुमारास. मी ऑफिसला निघाले होते. "अवी गेला गं," एवढं म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "माझ्यामुळे गेला. मी नागपूरला गेले नसते तर तो आज असता." मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "वेडी आहेस का? काहीतरीच काय बोलतेस!" असं म्हणाले… आणि गप्प बसले. त्याच क्षणी मला आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं, ते मला येतही होतं, पण मी ते गिळलं. पुढचा सव्वा महिना गिळतच राहिले. हा लेख अवीच्या आठवणींचा आहे खरा, पण त्या गिळलेल्या वाक्याचाही आहे, हे आधीच सांगून टाकते.

अविनाश आणि मी नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात एका वर्गात होतो. पुढे नोकऱ्यांच्या निमित्तानं दोघंही फिरत फिरत टेक्सासात प्लेनोला येऊन पोचलो आणि दहा मिनिटांच्या अंतरावर घरं घेतली. मला अख्ख्या अमेरिकेत 'मंजे' म्हणणारा तो एकटाच. अकरा वर्षांपूर्वी हायवेवर मागून ट्रकनं ठोकलं आणि त्याचा मणका गेला. बेंबीच्या खाली ना हालचाल ना जाणीव. आम्ही सगळे रडवेली तोंडं करून भेटायला जायचो, तर हाच आम्हाला चहा विचारायचा. व्हीलचेअर आली तशी त्यानं आधी तिच्या मागच्या मुठी काढून टाकायला लावल्या. का, तर कुणी न विचारता ढकलायला नको. "मी काय भाजीची गाडी आहे का गं?" म्हणाला. कामावर जायचा, हातांनी चालणारी गाडी चालवायचा, सिग्नलला माझ्या ड्रायव्हिंगची टिंगल करायचा. त्याला दयेचा फार राग. मदत मात्र हक्कानं मागायचा. त्या दोन्हींत फरक आहे, हे मला त्याच्यामुळे कळलं.

तीन वर्षांपूर्वी एका दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये तो खुर्चीतून गाडीत बसायच्या तयारीत असताना एक माणूस आला. पाकीट घेतलं, फोन घेतला. घेऊन निघून गेला असता तर अवी कदाचित ते विसरलाही असता. पण जाता जाता त्यानं खुर्चीला लाथ घालून ती लांब ढकलून दिली. अवी दोन गाड्यांच्या मधे डांबरावर पडला आणि कुणाच्या नजरेला पडेपर्यंत वीस मिनिटं तसाच होता. भर उन्हात. हात पोळले होते. पायही पोळले होते, ते त्याला घरी आल्यावर दिसले. हा प्रसंग त्यानं मला एकदाच सांगितला, तोही माझ्याकडे न बघता.

दोन महिन्यांनी कळलं, त्यानं पिस्तूल घेतलंय. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन रीतसर शिकला, लायसन्स काढलं आणि रोज अंगावर बाळगायला लागला, कपड्यांच्या आत. मी कडाडले. "अरे, सिव्हिल लाइन्समधला पोहे खाणारा माणूस तू! हे काय थेर?" तो शांतपणे म्हणाला, "मंजे, तू पळू शकतेस." यावर मी आणखी दोन वाक्यं ओरडले.

पण घेणं सोपं होतं, बाळगणं कठीण. उभ्या माणसासाठी बनवलेल्या वस्तू बसलेल्या माणसाला किती छळतात, हे मी तेव्हा पाहिलं. कमरेच्या बाजूला लावलं तर खुर्चीच्या कडेत अडकायचं आणि चाकं ढकलताना मनगटावर आपटायचं. पोटाशी लावलं तर वाकताना बरगडीत रुतायचं. पायाशी लावायची सोयच नव्हती, तिथवर हात पोचायला त्याला अर्धं मिनिट लागायचं. खुर्चीला बांधलेल्या पिशवीत तो ठेवेना. "खुर्ची गेली की तेही गेलं, एकदा पाहिलंय मी." घरात कपाटाचा एक खण अशा निरनिराळ्या पट्ट्यांनी आणि होल्स्टरांनी भरला होता. वैशाली म्हणायची, एवढ्या साड्याही नाहीत माझ्याकडे! शेवटी त्याला छातीवर आडवा बांधायचा एक पट्टा मिळाला. त्यावर सैलसर शर्ट, त्यावर बिनबाह्यांचं जॅकेट. छातीला जाणीव होती, त्यामुळे पट्टा काचला की लगेच कळायचं, तो सरकवून घ्यायचा. दीड वर्ष त्याचं त्यावर झकास चाललं होतं. हे नीट लक्षात घ्या, कारण ते मी मोडलं.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या गणपतीला पन्नासेक माणसं होती. आरती झाली, प्रसाद झाला. एका मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी नेहमीसारखी अवीच्या मांडीवर चढून बसली. त्याच्या खुर्चीतून घरभर चक्कर मारणं हा सगळ्या पोरांचा आवडता कार्यक्रम. तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि मोठ्यांदा विचारलं, "अंकल, व्हॉट इज धिस? इट्स सो हार्ड." तिची आई हसत हसत आली, तिनं हात लावून पाहिला आणि तिचं हसू गेलं. मुलीला उचललं आणि सरळ चपला घालून निघाली.  अर्ध्या तासात घर रिकामं झालं आणि मोदक उरले. अवीसुद्धा लवकर गेला. मी त्याला थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. "माझ्या घरी येताना ते आणायचं नाही. आणायचंच असेल तर कुणाला दिसता, लागता कामा नये." तो म्हणाला, "मग मी येत नाही, सोपं आहे." आता खरं सांगते, मला लाज वाटत होती. चार लोक काय म्हणतील याची. मित्र गमवायचा नव्हता आणि माणसंही तोडायची नव्हती. मग मला माझी हुशारी सुचली. मला शिवणाची आवड. इथल्या मुलींच्या नऊवाऱ्या, नाटकांचे कपडे, सगळं मीच शिवते. म्हटलं, "थांब, मी शिवून देते. अशा जागी, की तुझ्या बायकोलाही कळणार नाही." जुन्या जीन्सचं जाड कापड घेतलं. पिस्तुलाचं कडक कवच आत नीट बसेल अशी पिशवी केली, रुंद पट्टा लावला आणि बंद करायला एक पितळी टिचबटण ठोकलं. ती जायची उजव्या कुल्ल्याच्या बाजूला, खाली, मांडी आणि खुर्चीची कड यांच्या मधे. वर शर्ट सोडला की काही म्हणजे काही दिसत नव्हतं. हात मोकळे, छाती मोकळी.

त्यानं ती लावली, खोलीत दोन चकरा मारल्या, वाकून पाहिलं. शिवणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडी असतो तो प्रश्न मी विचारला, "टोचतंय का कुठे?" तो म्हणाला, "छे! काहीच नाही. मास्टरपीस आहे, मंजे." आणि मी खूश झाले… अहो, त्याला तिथे टोचणार कसं? अकरा वर्षं मी त्या माणसाला खुर्चीत बघत होते. त्याच्या खास उशीबद्दल, मागच्या खिशात पाकीटसुद्धा न ठेवण्याच्या नियमाबद्दल मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतंच की! तरी मी विचारलं, तो उत्तरला आणि दोघांनाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मला कौतुक हवं होतं. त्याला माझ्या घरी यायचं होतं.

ती पिशवी फक्त समारंभांपुरती, असं ठरलं होतं. पण ती त्याला इतकी सोयीची वाटली, की छातीचा पट्टा कपाटात गेला आणि पिशवी रोजची झाली. वैशाली घरी होती तोवर निभावलं, कारण ती रोज आंघोळीनंतर त्याची पाठ, कंबर, मांड्या बारकाईनं बघायची. कुठे लाल झालंय का, चट्टा आहे का. जिथे दुखत नाही तिथे डोळ्यांनीच बघावं लागतं. या वर्षी तिच्या आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि ती जावं की न जावं करत होती, तेव्हा अवीनंच तिचं तिकीट काढलं. लांब दांड्याचा आरसा घेतला आणि म्हणाला, मी माझं बघतो. वैशालीनं निघताना मला सांगितलं, त्याला आठवण करत जा. मी रोज मेसेज करायचे, 'आरसा?' तो अंगठा पाठवायचा. मी समाधानानं फोन ठेवून द्यायचे.

पाचव्या आठवड्यात त्याला थंडी वाजून ताप आला. मीच हॉस्पिटलला नेलं. नर्सनं त्याला कुशीवर वळवलं आणि मला बाहेर जा म्हणायला ती विसरली. उजव्या बाजूला जखम होती, खोल, काळपट. आणि तिच्या कडेला कातडीवर एक गोल ठसा उठला होता. बाहेर एक कडं, आत एक कडं. ते बटण मी स्वतः हातोडीनं ठोकलं होतं. मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. डॉक्टर म्हणाले, दाबाची जखम, जंतू हाडापर्यंत आणि रक्तात गेलेत. पिस्तूल आम्ही निघतानाच त्यानं घरच्या तिजोरीत ठेवलं होतं. रिकामी पिशवी अंगावर तशीच होती. त्याच्या कपड्यांबरोबर ती माझ्या हातात दिली गेली. मी ती पर्समध्ये कोंबली. अवीनं ते पाहिलं. म्हणाला, "राहू दे गं, धुऊन आण." त्याला कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. तो शुद्धीवर असलेल्या त्या चार दिवसांत मी रोज ठरवायचे की आज बोलायचं, आणि रोज क्रिकेटबद्दल बोलून परत यायचे. वैशाली पोचली तेव्हा तो व्हेंटिलेटरवर होता. तिसऱ्या आठवड्यात गेला.

तेराव्यानंतर नागपूरहून अवीच्या थोरल्या बहिणीचा, कुंदाताईंचा फोन आला. वैशालीचे हात कणकेचे होते, म्हणून फोन स्पीकरवर. ताई रडत होत्या आणि रडता रडता म्हणाल्या, "तुझ्या आईला तू एकटीच नव्हतीस ना गं, तुझा भाऊ होता तिथे बघायला. माझ्या भावाला कोण होतं? रोज बघायची ना तू? मग सोडून गेलीच काऊन?" वैशाली "हो ताई, चुकलं माझं" म्हणाली. कणीक मळत राहिली. मी शेजारी भाजी चिरत होते.

मागच्या शनिवारी मी ती पिशवी घेऊन वैशालीकडे गेले. टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. बटणापासून मेसेजपर्यंत. तिनं पिशवीला हात लावला नाही.  मग विचारलं, "ताईंचा फोन आला तेव्हा तू तिथेच होतीस ना?"

"हो."

"सगळं ऐकलंस?"

"हो."

"आणि भाजी चिरत राहिलीस."

मी मान खाली घातली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मग आता त्यांना तू सांग. फोन करू नकोस, फोनवर त्या कुणाचं ऐकत नाहीत. त्या रविवारची पुरवणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तू लिहितेस ना पेपरात? लिही." तिनं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. ते विचारायचा हक्क मला नाही.

कुंदाताई, तुम्ही इथवर वाचलं असेल. तुमच्या भावाची जखम मी शिवलेल्या पिशवीनं झाली. लोकांना दिसू नये म्हणून ती मी जिथे त्याला कळणार नाही अशा जागी बांधायला लावली. वैशाली तिच्या आईजवळ होती ती अवीच्या सांगण्यावरून, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच. तिचं काही चुकलं नाही. ती अजून तुम्हाला घाबरून फोन करत नाही. तुम्ही तिला एक फोन करा.