कैद्याशी दखनीत

तीर्थपुरीच्या शाळेत मी मास्तर होतो आणि वर्षातले काही आठवडे प्रादेशिक सेनेत शिपाई. पलटणीच्या गुप्तवार्ता विभागात माझी निवड झाली तेव्हा घरी सांगताना छाती फुगली होती. बायकोला वाटलं, मी आता वेष पालटून हिंडणार. काम निघालं भलतंच. नकाशावर टाचण्या लावायच्या, टेकडीवर बसून कोण आलं, कोण गेलं ते पाहायचं आणि पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही.

"एवढंच? हे तर आपल्या गल्लीतल्या बाया रोज करतात," ती म्हणाली.

"शेवटचं सोडून," मी म्हणालो.

एकाहत्तरच्या लढाईत बोलावणं आलं. सीमा मी पाहिलीच नाही. लढाई संपल्यावर मला युद्धकैद्यांच्या छावणीवर पाठवलं. आमचे साहेब केरळचे, हिंदी त्यांना जेमतेम यायची. त्यांनी विचारलं, "उर्दू येते तुला?" येत होती. आमच्या भिंतीला भिंत लागून एका मुसलमान बाईचं घर होतं, तिला मी खाला, म्हणजे मावशी म्हणायचो. तिच्या मांडीवर खेळत मी मोठा झालो आणि तिची दखनी उर्दूही तिथंच उचलली.

एक तरुण कैदी काही दिवस जेवत नव्हता, तोंडही उघडत नव्हता. साहेबांना त्याच्या तुकडीची माहिती हवी होती. मी त्याच्यासमोर बसलो. आवाज कडक लावला, पण तोंडातून खालाच बोलली.

"कायकू नै खाते मियाँ? कुछ होना क्या तुमकू? हौ बोलो, नै तो नक्को बोलो!"

तो बघतच राहिला आणि मग खो खो हसत सुटला. "ये कहाँ की उर्दू है, भाईजान?"

"हमारे गाँव की," मी म्हणालो. साहेब माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले.

हसता हसता त्यानं एकदम कळवळून गाल धरला. दाढ सुजली होती. शत्रूच्या डॉक्टरापुढं तोंड उघडायला तो घाबरत होता. मी साहेबांना सांगितलं, डॉक्टर आले, दाढ निघाली. ती निघेपर्यंत त्यानं माझं मनगट सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो डाळभात जेवला आणि बोलायला लागला. तुकडीबद्दल त्यानं सांगितलं ते साहेबांना आधीच ठाऊक होतं. बाकी सारं घरचं. मुलगी झाली होती, तिला त्यानं अजून पाहिलं नव्हतं. माझीही धाकटी नुकतीच रांगायला लागल्याचं मी त्याला सांगून टाकलं. ते काही माझ्या कामात बसत नव्हतं.

पुढं मला सुट्टी मिळाली. घरी पहिल्याच जेवणाला बायकोनं विचारलं, "एवढे महिने काय करून राह्यले होते तिथं?"

सांगायची परवानगी नव्हती. तरी मी म्हणालो, "एकाची दाढ काढायला लावली."

"सांगायचं न्हाई तर न्हाई म्हणा. थापा कशाला मारता?" असं म्हणून ती हसली आणि गरम भाकरी माझ्या ताटात टाकली.